अक्काचे तीन चिंचोके

अक्का गेली त्या दिवशी मी आनेकलला लेकीच्या घरी होते. धाकट्या लेकीचे दिवस भरत आले होते, तिची सासू पाय मुरगळून बसलेली, म्हणून दोन दिवसांपुरती गेले. खरं तर जायचं माझ्या मनात नव्हतं. अक्काला हॉस्पिटलातून घरी आणून दहा-बारा दिवस झाले होते. चार चमचे पेज पोटात गेली तरी आम्ही म्हणायचो, आज बरी आहे... पण तीच म्हणाली, "जा ग यमुने, पोर एकटी आहे. मी काय कुठं पळून जाते?" निघताना तिच्या खाटेपाशी वाकले, तर तिनं माझा उजवा हात ओढून घेतला, पालथा केला आणि मनगटाच्या हाडाभोवती तीन बोटांनी हळूहळू ठोकायला लागली. त्या मनगटाचं दुखणं पंचवीस वर्षांपूर्वीचं. मी म्हटलं, "अक्का, ते आता नाही दुखत." तर म्हणाली, "असू दे. जाता जाता." बोटांत जोर कसला, चिमणी दाणे टिपते तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं बंगळुराहून आमचे शेजारी आले. अंगणात उभे राहिले, चपला काढेनात, पाणी घेईनात. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच माझ्या मनगटावर ती टकटक सुरू झाली. परतीच्या बसमध्ये सबंध वाटभर ती थांबली नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुभद्राबाई. गल्लीतली लहानमोठी सगळी तिला अक्काच म्हणायची, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले पोस्टमास्तरसुद्धा. आमचं घर बंगळुरात इतक्या पिढ्यांचं आहे, की तुमचं मूळ गाव कोणतं असं कुणी विचारलं तर मामंजी पायाखालची फरशी दाखवायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. अक्काचा मुलगा अनंता मारतहळ्ळीच्या वाटेवरच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्याच्याबरोबरचे पुण्याकडचे लोक जेवायला आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसायचे. अक्का वाढता वाढता म्हणायची, "हसा, हसा. पण स्वल्प जेवा पण." कन्नडातलं स्वल्प म्हणजे जरा. थोरले भावोजी अनंता सहावीत असतानाच गेले. तेव्हापासून ती, अनंता, आम्ही दोघं आणि माझ्या दोन मुली, असं एका चुलीवरचं घर. मी शाळेत शिकले चार इयत्ता, त्याही कन्नड. बाळबोध अक्षरं मी शिकले ती मराठी पेपराच्या रविवारच्या पुरवणीवर बोट ठेवून, घरातल्यांना विचारून विचारून. मग दुपारची जेवणं आवरली की मी मोठ्यानं वाचायची आणि अक्का ऐकायची, कारण तिला कोणतंच अक्षर येत नव्हतं. एखादा लेख आवडला नाही तर म्हणायची, यापेक्षा बरं तू लिहिशील. आता लिहिते आहे, आणि ऐकायला ती नाही.

तर तिच्या हातांबद्दल सांगते. तिचे वडील पेठेत मृदंगाला कातडी चढवून द्यायचे, सूर लावून द्यायचे. लहानपणी ती त्यांच्याजवळ बसून बघायची. सूर उतरलेला मृदंग आला, की ते गुळगुळीत दगड आणि लाकडाची खुंटी घेऊन कडेकडेनं ठोकत फिरायचे, इथं थोडं, तिथं थोडं, कान लावून. मधल्या काळ्या शाईला हात म्हणून लावायचे नाहीत. दुखण्याचं तिनं तेच केलं. जिथं दुखतं तिथं ती पहिल्यांदा जायचीच नाही. गुडघा धरला असेल तर वर मांडीवर, चार बोटं लांबून सुरुवात, मग गोल गोल फिरत जवळ, अगदी शेवटी दुखऱ्या जागेवर नुसतं विचारून यायचं, आणि पुन्हा पोटरीवरून खाली तळपायापर्यंत निघून जायचं. डोकं दुखत असेल तर गळ्याखालच्या हाडावर, मग डोळ्यांखाली, मग मागं मानेच्या खळीत. तर्जनी, मधलं आणि अनामिका, नखं कापलेली, मनगट सैल. ठोकताना ती माणसाला गप्प बसू द्यायची नाही. कसं दुखतंय, ठणकतंय का टोचतंय, का नुसतंच बसून आहे? मग माणूस सांगायला लागायचा, अक्का, उंदीर कुरतडतोय बघ. ती म्हणायची, केवढा उंदीर? असं बोलता बोलता त्याचे खांदे खाली यायचे. मी नवी सून होऊन आले तेव्हा इडलीचं पीठ वाटायचा दगडी गुंडा फिरवून माझं मनगट सुजलं होतं. सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. अक्कानं मागच्या पडवीत नेऊन मनगट हातात घेतलं आणि विचारलं, "कोण आहे आत?" मी रडत रडत हसले. त्या घरातलं माझं पहिलं हसणं ते.

पण तिचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कुणी दुखणं घेऊन आलं, की ती कोनाड्यातला पितळेचा डबा उघडायची आणि त्या माणसाच्या हातावर तीन चिंचोके ठेवायची. रोज येताना त्यातला एक परत आणायचा. तीन संपले, की तिचं दुकान बंद. दुखणं राहिलं असेल तर डॉक्टरकडं जा, आणि जाऊन आल्याशिवाय माझ्या पायरीवर बसू नको. मग रडा, पाया पडा, चौथ्या दिवशी ती हात पदराखाली घेऊन बसायची. हेब्बाळहून डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायला येणारी मुनियम्मा, तिची मान ओझ्यानं धरायची. तिला डॉक्टर म्हटलं की कापरं भरायचं. एकदा तीन दिवस झाले, तरी चौथ्या दिवशी ती ऐटीत येऊन बसली आणि कनवटीचा चिंचोका काढून पुढं केला. "इन्नोंदु दिन, अक्का," आणखी एकच दिवस. अक्कानं तो उजेडात धरला. "हा माझा नव्हे, मुनियम्मा. माझे भाजलेले असतात, काळे. हा तुझ्या हेब्बाळच्या चिंचेचा कच्चा आहे." आम्ही पोट धरून हसलो, मुनियम्मासुद्धा. पण अक्कानं तिला हात लावला नाही. स्वतः उठून पायात चपला घातल्या आणि तिला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. भाजीची टोपली दिवसभर आमच्या ओट्यावर.

तीनच का, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. एका दुपारी ती लोखंडी तव्यावर नवे चिंचोके भाजत होती, तडतड आवाज होत होता, आणि त्या आवाजातच तिनं सांगितलं, माझ्याकडं न बघता. अनंताच्या आधी तिला शारदा होती. सात वर्षांची. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. पोरीच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. अक्कानं पाठीवर, पायांवर ठोकून ठोकून तिला शांत केलं. पोर झोपायची, उठली की पुन्हा दुखायचं, पुन्हा ही बोटं फिरवायची. घरातले सगळे म्हणाले, सुभद्रेच्या हाताला गुण आहे. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ताप चढला आणि पोट पाटीसारखं कडक झालं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, तिसऱ्या दिवशी का नाही आणलीत? "म्हणून तीन," अक्का म्हणाली आणि तवा उतरवला. पुढं ती जे बोलली ते मी विसरलेले नाही. "माझ्या हातानं दुखणं जात नाही ग यमुने, नुसतं निजतं. ते निजलेलं असताना आपण काय करतो, त्याला महत्त्व."

मला तिनं शिकवलं ते त्यानंतर. ताटात नाचणीचं पीठ पसरायचं आणि त्यावर बोटांनी ठोकायचं, सगळे खळगे सारख्या खोलीचे उमटले पाहिजेत. माझे एकीकडं खोल, एकीकडं नुसते पुसट. ती म्हणायची, "हे काय, कोंबडी नाचली?" सहा महिने मी पीठ थोपटत होते, आणि त्याच पिठाच्या भाकरी आमचे हे जेवत होते. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही दोघी दुपारभर टकटक काय करता? अक्का म्हणाली, तुमचं जेवण ठोकून ठोकून मऊ करतो. हळूहळू माझा हात बसला. गल्लीतल्या बायका अक्का घरात नसेल तर माझ्याकडं यायला लागल्या. तीन चिंचोक्यांचा नियम मीही पाळायची, तिच्याहून कडक. मला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं कशाला सांगू.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, तिथं येते. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी मी पुरवणी वाचत होते, आणि मध्येच अक्का म्हणाली, कंबर भरून आली आहे, जरा बघ. इतक्या वर्षांत तिनं कधी माझ्यापुढं पाठ केली नव्हती. मी अंक खाली ठेवला. तिनंच उठून डबा काढला, तीन चिंचोके स्वतःच्या पदराला बांधले, एक सोडून माझ्या हातात दिला. मी तिच्याच पद्धतीनं खांद्यापासून सुरुवात केली, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत, गोल फिरत. कमरेपाशी आले तेव्हा तिनं असा लांब श्वास सोडला, की मला वाटलं, या घरात येऊन आज मी कुणाची तरी झाले. तो आनंद मला झाला होता, हे मला सांगितलं पाहिजे. जिनं माझं मनगट हातात घेतलं तिला माझी बोटं लागली, आणि ती गुणाला आली, याचा आनंद.

तिसरा दिवस झाला. चौथ्या दुपारी ती पुन्हा पाटावर पाठ करून बसली. मी म्हटलं, "अक्का, तीन झाले."

"माहीत आहे. डबा आण."

"तूच म्हणतेस ना..."

"अनंताचं जायचं दिवाळीनंतरच्या मंगळवारी ठरलंय. आई हॉस्पिटलात म्हटलं तर तो बांधलेली पेटी उघडून बसेल. त्याची गाडी सुटू दे, दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथं येते. सरी?"

मी म्हटलं, "सरी," ठीक आहे.

अनंताला कारखान्यानं वर्षभराच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. सगळ्या खात्यातून दोघांची निवड झाली होती, त्यातला एक आपला अनंता. बापामागं वाढलेला मुलगा. तो मागं हटला असता तर त्याची जागा घ्यायला दहा जण उभे होते, हेही खरं होतं. मंगळवार तो काय, डोळ्यांपुढं आहे, असं मला वाटलं. पण तो मंगळवार आला आणि पासपोर्ट आला नाही. मग कार्तिकी झाली, कुठल्यातरी कागदावर कुणाची तरी सही राहिली. मग मुंबईहून सुटणाऱ्या बोटीत जागा मिळेना. दर वेळी नवा दिवस ठरायचा, दर वेळी तो आठ-पंधरा दिवसांवरच असायचा, म्हणून दर वेळी मला वाटायचं, एवढंच. इतकी मोठी मुदत कुणी एकदम मागितली असती तर मी दिली नसती, पण ती माझ्याकडून तीन-तीन दिवसांनी मागून घेतली गेली. मी डबा आणायची, तिच्या पदरात तीन टाकायची. परत आलेले चिंचोके खरं म्हणजे डब्यातच पुन्हा जायचे, तसाच रिवाज होता. पण ते इतरांच्या चिंचोक्यांत मिसळायला माझा हात होईना. कॉफीच्या पुडीची एक रिकामी काचेची बरणी होती, मी ते तिच्यात टाकायला लागले.

तिच्या बांगड्या मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जायला लागल्या. ती त्या वर सारून पदरानं झाकून घ्यायची. भात चिवडायची. अनंता म्हणाला, अम्मा, वाळलीस. तर म्हणाली, तू जाणार म्हणून आत्तापासून सराव करते. तो हसला. मीही हसले, आणि वाढायला म्हणून आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले. एका दुपारी मात्र मी डबा लपवला. तांदळाच्या पिंपात, तळाशी. म्हटलं, मागू दे, मी देणार नाही, हाताला धरून नेईन, जशी तिनं मुनियम्माला नेली होती. ती आली, पाटावर बसली, कोनाड्याकडं बघितलं. रागावेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "माझं शिकवलेलं माझ्यावरच फिरवतेस?"

मी म्हटलं, "शारदेचं तूच सांगितलं होतंस मला."

बाहेर कुणीतरी नळावर घागर आपटत होतं. मग ती म्हणाली, "शारदेला मी विचारलं नव्हतं यमुने. ती लहान होती, तिचं मी ठरवलं. माझं मी मला विचारलंय. आता ठोकतेस का, का मी भिंतीला पाठ लावून बसू?"

मी पिंपात हात घातला. तांदूळ कोपरापर्यंत लागले होते, तसाच डबा काढला आणि तिला तीन दिले. आज मला वाटतं, त्या दुपारी मी अनंताला हाक मारायला हवी होती. तो पुढच्याच खोलीत होता, जर्मन शब्द पाठ करत. त्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता, आणि इकडं माझी बोटं त्याच्या पाठांतराच्या तालावर चालली होती...

संक्रांत झाल्यावर आठवड्यानं तो गेला. अक्का स्टेशनवर आली, जरीकाठाचं लुगडं नेसून, तोंडाला थोडी पावडर लावून, जी तिनं जन्मात लावली नव्हती. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून हात घालून त्याच्या खांद्यावर तीनदा ठोकलं. तो म्हणाला, "अम्मा, माझं कुठं दुखत नाही." ती म्हणाली, "पुढं दुखलं तर." दुसऱ्या दिवशी सकाळी ती शब्दाला जागली. न्हाऊन, वेणी घालून, मी हाक मारायच्या आधी ओट्यावर येऊन बसली होती.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी अक्काला आडवं केलं, डावा पंजा तिच्या पोटावर सपाट ठेवला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्याच्यावर ठोकत ठोकत पुढं सरकायला लागल्या, कान लावून. अक्का मान उचलून बघत होती. माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "हिचं मनगट सैल आहे बघ. चांगली बोटं आहेत." त्या परिस्थितीत मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी ते ओसरलं. कारण मला दिसलं की ही बाई ठोकत होती ती शोधायला. एके ठिकाणी आवाज बदलला. आम्हा तिघींनाही तो कळला. अक्कालाही. मृदंगवाल्याची मुलगी ती.

कधीपासून दुखतंय, बाईंनी विचारलं. अक्का म्हणाली, आठ दिवस. बाईंनी तिच्या कोपरापाशी अडकलेल्या बांगड्यांकडं पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "स्वल्प मुंचे बंदिद्रे..." थोडं आधी आला असतात तर. मी विचारलं, वाचली असती का? त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, सांगता येत नाही, गाठ जुनी आहे, पण निदान ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता. आता तोही नाही. घरातले मला सांगतात, बाईंनी सांगता येत नाही म्हटलं ना, मग झालं. मी त्या शब्दांना धरून बसायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. पण मला दर वेळी पुढचे शब्द ऐकू येतात.

अनंताला पत्रातून काही कळवायचं नाही, हे तिनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. त्याला तार गेली ती अक्का गेल्यावरच. तो धडपडत, विमानं बदलत तेराव्याला पोचला. दाढी वाढलेली, अंगात त्या थंड देशातला जाड कोट तसाच. दोन दिवस तो जेवला नाही, आडवा झाला तरी डोळे उघडे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात एकटी होते. तो येऊन पाटावर बसला, जिथं ती बसायची तिथंच, आणि म्हणाला, "काकी, खरं सांग. अम्माला कधीपासून दुखत होतं?"

मी म्हटलं, "तू गेल्यावर. चार-पाच दिवसांनी असेल."

"म्हणजे मी असताना काही नव्हतं?"

"काही नव्हतं रे."

त्याचे खांदे खाली आले. अगदी तसेच, जसे तिच्या हाताखाली बसलेल्या माणसाचे यायचे. तो तिथंच भिंतीला टेकून झोपला, किती दिवसांनी कोण जाणे. मी त्याच्या अंगावर चादर घातली. आणि चादर घालता घालता मला कळलं मी काय केलं ते. मी पुन्हा तेच केलं होतं. दुखऱ्या जागेला हात न लावता भोवतीनं फिरून त्याचं दुखणं निजवलं होतं.

त्या दुपारला आता चार आठवडे होऊन गेले. उगादीला, म्हणजे पाडव्याला, आमच्या दाराला तोरण नव्हतं. अनंताची रजा संपत आली आहे, पेटी पुन्हा भरली जाते आहे. खरं सांगायला म्हणून मी तीनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिन्ही वेळा कॉफी घेणार का विचारून परत आले. चौथ्यांदा गेले तेव्हा तोच म्हणाला, "काकी, पुरे ना कॉफी. त्यापेक्षा अम्मावर काही लिही. तिला किती हौस होती तू लिहावंस म्हणून." अक्काचे हात किती गुणाचे होते, किती लोकांचं तिनं दुखणं हलकं केलं, असं काहीतरी त्याच्या मनात असेल. ते मी लिहिलं आहे, त्यातलं अक्षरही खोटं नाही. पण तेवढंच लिहून थांबले असते तर ती ऐकताना म्हणाली असती, काठाकाठानंच फिरलीस, मध्ये कधी जाणार?

मुनियम्मा परवा आली होती. टोपली उतरवली, पायरीवर बसली, आत बघितलं. मग माझ्यापुढं मान वाकवून बसली. मी डबा उघडला, तिला तीन चिंचोके दिले. तीन दिवस तिची मान ठोकली. चौथ्या दिवशी तिनं काही मागायच्या आत मी चपला घातल्या.

माझी बरणी कोनाड्यात आहे, हळदीच्या डब्यामागं. खलबत्त्यात वेलदोडे कुटायला घेतले की कोनाडा हादरतो आणि आतले चिंचोके काचेवर वाजतात. टक टक टक. गेल्या आठवड्यात अनंतानं विचारलंसुद्धा, "काकी, काय वाजतंय?" मी म्हटलं, काही नाही, आणि बत्ता खाली ठेवला. अनंता, तू हे वाचशील तेव्हा तुझी गाडी सुटलेली नसावी म्हणून मी हा लेख घाईनं पुरवणीला पाठवला आहे, आणि अंक आला की तो तुझ्या हातात मीच देणार आहे. तू विचारलं होतंस, कधीपासून. ते त्या बरणीत आहे. एक चिंचोका म्हणजे एक दिवस, आणि त्यातला प्रत्येक दिवस तू या घरात होतास. तुझ्यासाठी तिनं लपवलं, आणि मी तिला लपवू दिलं. तुझा त्यात काही दोष नाही, तुला कुणी विचारलंच नव्हतं. मी ते मोजलेले नाहीत, माझ्यानं मोजवत नाहीत. तू मोज. मग तुला काय बोलायचं असेल ते बोल, किंवा बोलू नको. मी स्वयंपाकघरातच असेन.